घटक ४ : पात्र, संहिता आणि आवाज – दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीचा भाषिक अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• ‘चरित्र अभिनेता’ या संज्ञेचा अर्थ व तिची घडण सांगता येईल.
• व्यक्तिबोली, सामाजिक बोली आणि प्रमाणभाषा यांचा पात्रनिर्मितीशी असलेला संबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• रंगभूमी, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या माध्यमांत भाषेचे कार्य कसे बदलते, याचे विवेचन करता येईल.
• ‘नक्कल’ आणि ‘व्यक्तिदर्शन’ यांतील फरक ओळखून एखाद्या भूमिकेचे वा संवादाचे भाषिक परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोली आणि प्रमाणभाषा यांचे परस्परसंबंध अभ्यासले. प्रत्येक व्यक्ती आपल्या प्रदेशाची, वयाची, शिक्षणाची आणि व्यवसायाची भाषा बोलते. तरीही तिच्या बोलण्यात असे काही असते, की जे फक्त तिचेच असते. दाराआडून आलेल्या दोन शब्दांवरून आपण माणूस ओळखतो, तो यामुळेच. भाषाविज्ञानात या वैयक्तिक भाषारूपास ‘व्यक्तिबोली’ म्हणतात.

व्यक्तिबोली ही संकल्पना समजावून घेण्यासाठी नटाच्या कलेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. नट स्वतःची व्यक्तिबोली बाजूला ठेवून दुसऱ्याची धारण करतो. लेखक अनेक व्यक्तिबोली कागदावर निर्माण करतो. केवळ आवाजाने पात्र उभे करणारा कलावंत तर चेहरा, वेशभूषा आणि हालचाल या कशाचाही आधार न घेता व्यक्तिबोलीच्या बळावरच श्रोत्यापर्यंत पोहोचतो. ही तिन्ही कामे दीर्घकाळ केलेला कलावंत म्हणून या घटकात आपण दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीचा विचार करणार आहोत.

हे विवेचन नटाचे गुणगान करण्यासाठी नाही. या कारकिर्दीच्या आधारे एका प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे : दुसऱ्याची भाषा आपल्या तोंडी घेताना आपण त्या माणसाची थट्टा करतो, की त्याला समजून घेतो?

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘चरित्र अभिनेता’ ही संज्ञा

मराठीत ‘चरित्र’ या शब्दाचा रूढ अर्थ ‘जीवनवृत्तान्त’ असा आहे. त्यामुळे ‘चरित्र अभिनेता’ म्हणजे थोरांच्या जीवनावरील चित्रपटांत काम करणारा नट, असा समज होण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात ही संज्ञा इंग्रजीतील ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’ या शब्दाचे भाषांतर असून ती हिंदी चित्रसृष्टीच्या व्यवहारातून मराठीत रुळली. येथे ‘चरित्र’ म्हणजे ‘पात्र’ किंवा ‘स्वभावविशेष’.

नायकाची भूमिका करणाऱ्या नटाकडून प्रेक्षक बहुधा त्याच्याच व्यक्तिमत्त्वाची अपेक्षा करतो. चित्रपट बदलला, तरी नायकाचे बोलणे, चालणे, हसणे तेच असावे, असे त्याला वाटते. चरित्र अभिनेत्याकडून असलेली अपेक्षा नेमकी उलट आहे. त्याने स्वतः दिसेनासे व्हावे आणि पात्र दिसावे. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर नायक आपली व्यक्तिबोली जपतो आणि चरित्र अभिनेता ती प्रत्येक वेळी नव्याने घडवतो.

४.२.२ कारकिर्दीची रूपरेषा

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजी झाला. रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांतून आणि प्रायोगिक रंगभूमीवरून त्यांच्या अभिनयाची जडणघडण झाली. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीण आणि ‘आरण्यक’ या नाटकातील विदुर या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही नाटके मतकरींचीच. परंतु एक पात्र मुलांना घाबरवता घाबरवता हसवणारे, तर दुसरे महाभारतातील विवेकी, शोकाकुल पुरुषाचे.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. पुढे ‘नातीगोती’, ‘हसवाफसवी’ ही नाटके. ‘चौकट राजा’ (१९९१), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘नारबाची वाडी’ (२०१३) हे मराठी चित्रपट. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) हा हिंदी चित्रपट आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका, असा हा विस्तार आहे. २००६ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’ या दोन चित्रपटांसाठी मिळाला. २०२५ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांनी ‘दशावतार’ या चित्रपटात प्रमुख भूमिका केली.

लेखक म्हणून ‘हसवाफसवी’ हे नाटक, ‘अनुदिनी’, ‘गुगली’, ‘पत्रापत्री’ ही विनोदी लेखनाची पुस्तके, ‘बोक्या सातबंडे’ ही बालकथामाला आणि आपल्या भूमिकांविषयीचे ‘एका खेळियाने’ हे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. ‘बोक्या सातबंडे’साठी त्यांना २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

ही यादी पाठ करण्याची आवश्यकता नाही. तिच्यातील वैविध्य तेवढे लक्षात ठेवावे. कारण पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

४.२.३ छापील ‘मी’ पासून बोलत्या माणसापर्यंत : चिमणराव

चिमणराव हे चिं. वि. जोशी यांनी निर्माण केलेले पात्र. जोशी हे पाली भाषेचे अभ्यासक होते आणि बडोद्यास अध्यापन करीत. त्यांच्या कथांत चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो. भोळा, भिडस्त, थोडासा आढ्यताखोर असा हा मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्या कथनातून नकळत स्वतःलाच उघडा पाडतो. वाचकाला हसू येते, ते घटनेपेक्षा तिच्या सांगण्याच्या पद्धतीमुळे.

या कथा दूरचित्रवाणीवर आणताना एक भाषिक अडचण उभी राहते. पुस्तकात विनोद निवेदनात आहे; पडद्यावर निवेदक नाही. ‘मी मोठ्या धीराने पुढे झालो’ असे एखाद्या भित्र्या माणसाने लिहिले, तर लिहिलेले आणि घडलेले यांतील अंतरामुळे विनोद निर्माण होतो. पडद्यावर मात्र तो माणूस पुढे होताना प्रत्यक्ष दिसतो, त्यामुळे ते वाक्यच नाहीसे होते. मग त्या वाक्यातील आढ्यता आणि भीती ही दोन्ही कोठे जाणार? ती नटाच्या उच्चारात गेली पाहिजेत : वाक्याची सुरुवात जोरात आणि शेवट पडलेला, एखादा शब्द उगाच ठासून उच्चारलेला, उत्तर देण्यापूर्वी घेतलेला अर्धा क्षण.

भाषेतील अशा घटकांना – सूर, गती, विराम, आघात, आवाजाची पट्टी – ‘पराभाषिक घटक’ म्हणतात. लिपी यांतील फारच थोडे नोंदवू शकते. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत प्रभावळकरांच्या चिमणरावासमोर बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ होता. एक बिचकणारा आणि दुसरा रांगडा, असा हा स्वभावविरोध कथेतही आहे. पडद्यावर तो दोन आवाजांतील विरोध झाला. पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकालाही दोघांच्या संभाषणाची लय ऐकून त्यांचे नाते कळत असे.

४.२.४ चेहरा नसलेला आवाज

आवाज हेच एकमेव साधन असते, तेव्हा भाषेवरील भार आणखी वाढतो. याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण आकाशवाणीचे. ‘बोक्या सातबंडे’ हे पात्र पुस्तकात येण्यापूर्वी आकाशवाणीवरील श्रुतिकांतून मुलांच्या भेटीस आले. पुढे २००९ साली त्यावर चित्रपटही झाला. श्रुतिकेच्या श्रोत्याला कोण बोलत आहे, कोणाशी बोलत आहे, कोठे आहे आणि काय करीत आहे, हे सर्व ऐकूनच कळावे लागते. त्यामुळे श्रुतिकालेखकाला काही पथ्ये पाळावी लागतात. संबोधने योग्य जागी पेरावी लागतात. एका प्रसंगात सारख्या आवाजांची पात्रे एकत्र आणता येत नाहीत. कृती संवादातून सूचित करावी लागते. पण ‘मी आता दार उघडत आहे’ असे कोणी घरात म्हणत नाही, याचेही भान ठेवावे लागते. ‘अगं, ही कडी का निघत नाही?’ या एका वाक्यात स्थळ, कृती आणि समोरची व्यक्ती स्त्री किंवा मुलगी आहे हे, अशा तिन्ही गोष्टी येतात. ‘अगं’ आणि ‘अरे’ यांसारखी लिंगनिदर्शक संबोधने मराठी श्रुतिकालेखकाच्या फार उपयोगी पडतात.

दुसरे उदाहरण महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील तात्या विंचूचे. या गुंडाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, अशी ती कथा. गुंडाची भूमिका प्रभावळकरांनी केली आणि बाहुल्याच्या तोंडचा आवाजही त्यांचाच आहे. बाहुल्याचे चलनवलन प्रसिद्ध शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याकडे होते.

येथे एक ध्वनिवैज्ञानिक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. शब्दभ्रमकाराला ओठ न हलवता बोलावे लागते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य ध्वनी ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. म्हणून त्याला त्यांच्या जागी जवळचे ध्वनी खुबीने योजावे लागतात. चित्रपटात आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करता येत असल्याने ही अडचण उरत नाही. मात्र दुसरी अडचण येते. बाहुल्याच्या चेहऱ्यावर भाव नसतात. भुवई उंचावत नाही, डोळे बारीक होत नाहीत. चेहरा जे सांगणार नाही, ते सारे आवाजाला सांगावे लागते. शिवाय हा आवाज त्या मेलेल्या गुंडाचाच आहे, अशी प्रेक्षकाची खात्री पटली पाहिजे, नाहीतर कथा कोसळते. म्हणजे शरीर बदलले, तरी व्यक्तिबोली तीच राहिली पाहिजे. ‘माणसाची ओळख त्याच्या बोलण्यात असते’ हे तत्त्व या लोकप्रिय चित्रपटाने अनेकांना नकळत शिकवले.

४.२.५ एक लेखणी, अनेक व्यक्तिबोली

आता लेखनाकडे वळू. ‘अनुदिनी’ हे प्रभावळकरांचे वृत्तपत्रीय सदर रोजनिशीच्या स्वरूपातील कुटुंबकथा होते. त्यावर आधारित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. प्रभावळकर तिच्यात कुटुंबातील आजोबांच्या भूमिकेत होते. मालिकेतील घटना लहानसहान होत्या. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे या तीन पिढ्यांच्या बोलण्यातील भेद हाच तिचा गाभा होता.

पिढीचा भेद भाषेत कसा उतरतो, हे समजण्यासाठी पुढील दोन नोंदी पाहा. या नोंदी या घटकासाठी रचलेल्या आहेत. त्या कोणत्याही पुस्तकातील नाहीत.

नोंद १ : ‘सायंकाळी सात वाजता वीज गेली. साडेआठापर्यंत आली नव्हती. कंदिलाची काच पुसून ठेवावी, असे मी गेल्या आठवड्यापासून सांगतो आहे. कोणी मनावर घेत नाही.’

नोंद २ : ‘मॅचची शेवटची ओव्हर, आणि लाइट गेली! आजोबांनी लगेच कंदील बाहेर काढला. आता रात्रभर त्यांचं “मी सांगत होतो ना” चालू.’

दोन्ही नोंदींतील घटना एकच आहे. लेखकाचे वय मात्र कोठेही सांगितलेले नसताना आपण ते ओळखतो. कशावरून? एकाची ‘वीज’ जाते, दुसऱ्याची ‘लाइट’. पहिल्या नोंदीत वेळेची काटेकोर नोंद आहे. दुसरीत वेळ सामन्याच्या षटकावरून मोजली आहे. पहिली नोंद ‘असे’ हे लेखी रूप वापरते, तर दुसरीत ‘त्यांचं’ हे बोलीतील रूप आहे. पहिलीतील वाक्ये पूर्ण आहेत; दुसरीतील शेवटचे वाक्य क्रियापदावाचून थांबते. तक्रार दोन्हीकडे आहे. पण पहिलीत ती कर्तव्याच्या भाषेत, तर दुसरीत थट्टेच्या भाषेत व्यक्त होते.

नट म्हणून मिळवलेला कान लेखकाच्या उपयोगी कसा पडतो, हे यावरून कळेल. ‘हसवाफसवी’ हे नाटक तर या दोन्ही कलांचा संगमच होय. त्यातील सहा भूमिका लेखकानेच केल्या. कृष्णराव हेरंबकर या संगीत रंगभूमीवरील वृद्ध नटाची भूमिका त्यांपैकी विशेष गाजली. संगीत नाटकाच्या काळात वाढलेल्या नटाचे उच्चार, त्यांतील आदब, वार्धक्यामुळे मंदावलेली गती आणि तरीही जागा असलेला सूर यांतून ते पात्र आकारास येते. त्याचे म्हातारपण हसू आणते. पण प्रेक्षक त्याला हसून मोकळा होत नाही. एक संपूर्ण नाट्यपरंपरा वृद्ध झाली आहे, याची जाणीव त्या हसण्यामागून येते.

४.२.६ नक्कल आणि व्यक्तिदर्शन

येथे आपण या घटकाच्या मध्यवर्ती प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

नक्कल करणारा मूळ व्यक्तीच्या बोलण्यातील दोन-तीन ठळक लकबी निवडतो आणि त्या वाढवून दाखवतो. ऐकणारा मूळ व्यक्ती ओळखतो आणि हसतो. तेथे काम संपते. व्यक्तिदर्शन करणारा याच लकबींपासून आरंभ करतो. परंतु ही व्यक्ती असे का बोलते, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. लकबीमागील कारण सापडले, की लकब ठळक करण्याची गरज उरत नाही.

या भेदाची कठोर परीक्षा होते, ती एखाद्या उणिवेमुळे वेगळे बोलणाऱ्या व्यक्तीची भूमिका करताना. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचे अडखळणे, शब्दांची पुनरावृत्ती, उच्चारातील जडपणा या गोष्टी हशा मिळवण्यासाठी फार सोप्या आहेत. प्रभावळकरांच्या कारकिर्दीत या विषयाच्या दोन बाजू दिसतात. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकात त्यांनी अशा मुलाच्या पित्याची भूमिका केली. मुलाच्या भूमिकेत अतुल परचुरे होते. संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ या चित्रपटात मात्र बालपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेल्या नंदूची भूमिका त्यांनी स्वतः केली. म्हणजे एकदा त्यांनी अशा माणसाचे बोलणे ऐकणाऱ्याची आणि एकदा ते बोलणाऱ्याची बाजू मांडली.

पित्याच्या भूमिकेत प्रश्न असा असतो : ज्या मुलाकडून अपेक्षित उत्तर येणार नाही, त्याच्याशी माणूस कोणत्या भाषेत बोलतो? आपण संभाषणाचा विचार करताना दोन समान वक्ते गृहीत धरतो. येथे एका बाजूने भाषा तोकडी आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूला दोघांचेही बोलावे लागते. थकवा, माया, चीड आणि अपराधभाव हे सारे त्याच चार-पाच रोजच्या वाक्यांतून व्यक्त होते. वाक्य तेच, त्याचा सूर प्रत्येक वेळी निराळा.

नंदूच्या भूमिकेत प्रश्न उलटा होतो. त्याच्याजवळ शब्द थोडे आहेत. पण भावना थोड्या नाहीत. प्रौढ पुरुषाच्या देहातून मुलाची भाषा येते, तेव्हा समाज त्याला हसतो किंवा त्याला घाबरतो. प्रेक्षकाला हसण्याच्या जागी थांबवून नंदूच्या बाजूने जगाकडे पाहावयास लावणे, हे त्या भूमिकेचे यश. शब्दसंपत्तीची मर्यादा म्हणजे जाणिवेची मर्यादा नव्हे, हे भाषाविज्ञानाचे तत्त्व येथे अनुभवास येते.

या संदर्भात शब्दांचाही विचार करावा. त्या काळी सर्रास वापरला जाणारा ‘मतिमंद’ हा शब्द आज आपण टाळतो आणि ‘बौद्धिक दिव्यांग’ असे म्हणतो. शब्द बदलल्याने वागणूक आपोआप बदलत नाही, हे खरे. तरीही ज्यांच्याविषयी तो वापरला जातो, त्यांच्या कानाने तो ऐकून पाहण्याची सवय त्यामुळे लागते.

४.२.७ सर्वांना ठाऊक असलेला माणूस

काल्पनिक पात्राची व्यक्तिबोली नट घडवू शकतो. पण ज्याचा आवाज ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे आणि ज्याची प्रतिमा नोटांवर आहे, अशा व्यक्तीचे काय? ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये प्रभावळकरांनी महात्मा गांधींची भूमिका केली. हे गांधी केवळ मुन्ना या मुंबईतील गुंडाला दिसतात.

या चित्रपटात दोन भाषारूपे समोरासमोर आहेत. मुन्नाची मुंबईच्या रस्त्यावरची, मराठीचा संस्कार असलेली हिंदी आणि गांधींची संथ, साधी, अनाग्रही हिंदी. मुन्ना जोरात बोलतो. गांधी आवाज चढवत नाहीत. शक्ती कोणाकडे आहे, हे आवाजाच्या उंचीवरून ठरत नाही, हा चित्रपटाचा आशय अशा रीतीने संवादांच्या सुरातच आलेला आहे.

याच चित्रपटाने ‘गांधीगिरी’ हा शब्द लोकप्रिय केला. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. ‘-गिरी’ हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत ‘मुलूखगिरी’, ‘गुलामगिरी’, ‘दादागिरी’ अशा शब्दांत आढळतो. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ या शब्दाला ग्रंथाचे शीर्षक करून कायमचे वजन दिले. ‘दादागिरी’त हा प्रत्यय बळजबरीचा भाव आणतो. तोच प्रत्यय गांधींच्या नावाला जोडल्यावर बळजबरी करणाऱ्याच्या तोंडी अहिंसेसाठी शब्द तयार झाला. गुंडाला गांधीविचार समजला, तो त्याच्या स्वतःच्या भाषेतील प्रत्यय लावल्यानंतर. कोणताही विचार आपला होण्यासाठी तो आपल्या भाषेत यावा लागतो, हे याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे.

४.२.८ बोली बोलणारा माणूस केंद्रस्थानी

मराठी नाटक-चित्रपटांत दीर्घकाळ एक अलिखित वाटणी होती. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलत. बोली मात्र गडी, मोलकरीण, हवालदार किंवा विदूषकाच्या वाट्यास येई. बोलीत कोणी तोंड उघडले, की हशा अपेक्षितच असे. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी बोलीला व्यावसायिक रंगमंचाच्या मध्यभागी आणले. ते नाटक विनोदी असले, तरी त्यातील सर्वच माणसे त्याच बोलीची होती. त्यामुळे एका भाषेने दुसरीस हसण्याचा प्रश्न उरला नाही.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘नारबाची वाडी’ हा चित्रपट या दृष्टीने पाहावा. मूळ कथा कोकणातील नाही. मनोज मित्र यांच्या ‘साजानो बागान’ या बंगाली नाटकावर तो आधारलेला आहे. वृद्ध नारबाची नारळ-सुपारीची वाडी खोताला हवी आहे. नारबा जिवंत असेतोवर दरमहा पैसे द्यावयाचे आणि त्याच्या मृत्यूनंतर वाडी घ्यावयाची, असा करार होतो. परंतु म्हातारा काही मरत नाही. बंगालमधील कथा कोकणात रुजली, ती केवळ माड-पोफळींमुळे नव्हे. नारबाच्या बोलण्यातील कोकणी वळण, त्यातील आडून बोलण्याची रीत आणि वरवरच्या भोळेपणामागील पक्केपणा यांमुळे ती रुजली. येथे बोली हास्यास्पद नाही. ती दुबळ्या माणसाचे संरक्षण करणारे साधन आहे.

सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ चित्रपटात प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली. सिंधुदुर्ग आणि लगतच्या गोव्यात रुजलेल्या दशावतार या लोकनाट्याचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. या नाट्यप्रकारात लिखित संवाद नसतात. पौराणिक कथानक ठरलेले असते. संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतो. म्हणजे येथे नट हाच संहितालेखक असतो आणि त्याचा आवाज हीच संहिता असते. अभिनय, लेखन आणि आवाज ही ज्यांना आपण तीन कामे म्हणत आलो, ती या परंपरेत कधी वेगळी झालीच नव्हती. ती तिन्ही करणाऱ्या कलावंताने वयाच्या ८१व्या वर्षी दशावतारी नटाची भूमिका करावी, हा योग म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो.

दशावतारात देव आणि राजे प्रामुख्याने संस्कृतप्रचुर, प्रमाण वळणाची मराठी बोलतात, तर विनोदी पात्रे मालवणीकडे वळतात. तीच वाटणी येथेही आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु राजाची भाषा बोलणारा आणि प्रयोगानंतर घरी मालवणीत बोलणारा माणूस एकच असतो. त्याला दोन्ही भाषारूपे येतात आणि कोठे कोणते वापरावे, हेही तो जाणतो. भाषावैज्ञानिक दृष्टीने हे उणेपण नसून अधिक सामर्थ्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी अनेकांच्या घरी ‘मला’ऐवजी ‘माका’, ‘मले’ किंवा ‘माले’ म्हटले जात असेल. हे अनुक्रमे मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणीतील नियमबद्ध रूप आहे. ‘मला’चा बिघडलेला उच्चार नव्हे. परीक्षेची उत्तरे प्रमाणभाषेत लिहावयाची असली, तरी त्यासाठी घरच्या भाषेची लाज बाळगण्याचे कारण नाही. प्रभावळकरांच्या कारकिर्दीचा भाषिक धडा असा, की माणसाच्या बोलण्यातील प्रत्येक वेगळेपणाला कारण असते आणि ते कारण शोधणाऱ्यालाच त्या माणसाचे बोलणे आपल्या तोंडी घेण्याचा अधिकार मिळतो.

४.३ सारांश

चरित्र अभिनेता प्रत्येक भूमिकेसाठी नवी व्यक्तिबोली घडवतो. दिलीप प्रभावळकर यांच्या कारकिर्दीत अभिनय, लेखन आणि आवाज या तिन्ही कामांच्या मुळाशी व्यक्तिबोलीचा शोध आहे. चिमणरावाच्या भूमिकेत छापील निवेदनातील विनोद पराभाषिक घटकांत उतरला. श्रुतिका आणि तात्या विंचूचा बाहुला यांत आवाजाने चेहऱ्याचे काम केले. टिपरे कुटुंबाच्या कथेत पिढ्यांचा भेद भाषाभेदातून प्रकटला. ‘नातीगोती’ आणि ‘चौकट राजा’ यांतून नक्कल व व्यक्तिदर्शन यांतील भेद स्पष्ट होतो. ‘नारबाची वाडी’ आणि ‘दशावतार’ यांत कोकणातील माणूस आपल्या बोलीच्या संस्कारासह कथेच्या केंद्रस्थानी येतो.

४.४ पारिभाषिक शब्द

व्यक्तिबोली : एका व्यक्तीचे वैशिष्ट्यपूर्ण भाषारूप.
सामाजिक बोली : वय, व्यवसाय, शिक्षण, वर्ग यांनुसार बदलणारे भाषारूप.
पराभाषिक घटक : सूर, गती, विराम, आघात, पट्टी इत्यादी शब्दांबरोबर येणारे घटक.
ओष्ठ्य ध्वनी : दोन्ही ओठांच्या साहाय्याने उच्चारले जाणारे ध्वनी.
श्रुतिका : आकाशवाणीसाठी लिहिलेले, केवळ ऐकण्याचे नाट्य.
शब्दभ्रमकार : ओठ न हलवता बोलून आवाज बाहुल्यातून येत असल्याचा भास निर्माण करणारा कलावंत.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘चरित्र अभिनेता’ या संज्ञेत ‘चरित्र’ या शब्दाचा अर्थ कोणता?
२. शब्दभ्रमकाराला कोणते ध्वनी उच्चारणे अवघड जाते व का?
३. ‘गांधीगिरी’ या शब्दातील प्रत्यय कोणत्या भाषेतून आला आहे?

आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. कथेतील निवेदन दूरचित्रवाणीवर आणताना कोणती भाषिक अडचण येते, ते चिमणरावाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. श्रुतिकालेखकाने पाळावयाची पथ्ये सांगा.

इ) सुमारे ४०० शब्दांत उत्तर लिहा.
१. ‘नक्कल आणि व्यक्तिदर्शन’ यांतील फरक आपण पाहिलेल्या कोणत्याही दोन भूमिकांच्या आधारे विशद करा.

४.६ उपक्रम

१. आपल्या घरातील वा कामाच्या ठिकाणच्या एका वयस्क व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे, तिची अनुमती घेऊन, ध्वनिमुद्रित करा. ते जसेच्या तसे लिहून काढा. कोणते घटक लिपीत उतरवता आले नाहीत, त्यांची नोंद करा.
२. त्याच व्यक्तीला पात्र कल्पून दोन मिनिटांची श्रुतिका लिहा आणि ती तिला वाचून दाखवा. तिला हे बोलणे आपले वाटते का, हे विचारा. या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर हेच आपल्या लेखनाचे पहिले परीक्षण समजावे.